चिंचेनं घासलेलं बटण

निवृत्तीनंतर माणसं गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात. मी मेटल डिटेक्टर घेतला. इथं कॅनडात, विंडसरच्या मराठी मंडळींत यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. "काय, आज किती बाटल्यांची झाकणं?" असं विचारल्याशिवाय कुणी पुढ्यात चहा ठेवत नाही. मी गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, आता दुसऱ्यांनी हरवलेल्या वस्तू शोधतो. स्वभाव मात्र तोच राहिला आहे, तापट.

शहराबाहेर नदीकाठी एका ऐंशी ओलांडलेल्या बाईंचं शेत आहे. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेशी लढाई झाली तेव्हा त्यांचे कुणी पूर्वज इथल्या फौजेत होते आणि याच शेतात चकमक झाली, असं त्यांच्या घरात सांगत आले आहेत. पुरावा नाही म्हणून जाणकारांनी ते कधी मानलं नाही. बाईंना फौजी कोटाचं एक बटण हवं होतं, स्वतःच्या मातीतून निघालेलं. याआधी एकाला त्यांनी शेत खणू दिलं तर तो सापडलेलं सगळं घेऊन पसार झाला. त्यामुळे मला परवानगी देताना त्यांनी एकच अट घातली. जे निघेल ते मातीसकट आधी त्यांना दाखवायचं. मी शब्द दिला. माझ्या शब्दावर कुणी संशय घेतला की माझं डोकं फिरतं, हे सगळ्यांना माहीत आहे.

सोयाबीनची कापणी झाल्यावर एका दुपारी कुंपणाजवळ हेडफोनमध्ये स्वच्छ, ठाम आवाज आला. वीतभर खाली काळंहिरवं, मातीनं लडबडलेलं बटण निघालं. अंगठा फिरवला तर वर पुसटसा आकडा लागला. जुन्या पलटणींच्या बटणांवर असे आकडे असतात. बाई टोरोंटोला मुलीकडे होत्या. मी शेतातूनच फोन केला. त्या म्हणाल्या, "मी आज रात्री परत येते आहे. उद्या घेऊन या. पुसू नका."

घरी येऊन बटण एका वाटीत ठेवलं आणि वाटी सिंकशेजारी. नडलं ते तिथंच. दिवाळी तोंडावर आली होती. मी बेसमेंटमध्ये बूट धूत होतो, तेवढ्यात बायकोनं ताम्हन, पळी, निरांजन, समई सगळं काढून चिंचेच्या कोळात घातलं होतं. मी वर आलो तर टॉवेलवर पूजेची उपकरणी ओळीनं मांडलेली, आणि पळीच्या शेजारी ते बटण, सोन्यासारखं लखलखत.

"अहो, काय काळंकुट्ट झालं होतं," ती कौतुकानं म्हणाली. "कुठल्या तरी निरांजनाचा भाग वाटला मला."

तळपायाची आग मस्तकात गेली. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती हात पुसत राहिली. मग मी बटण उलटं केलं. मागच्या बाजूला, इतका वेळ मातीखाली दडलेली बारीक इंग्रजी अक्षरं होती. इंडिया.

काय झालं ते लगेच कळलं. इकडे जुन्या सैनिकांचे पोशाख घालून हौसेनं लढाया खेळणारी माणसं असतात, आणि त्यांच्या कोटांची बटणं बऱ्याचदा आपल्याकडून बनून येतात. बटण खोटं होतं. पण मी घाबरलो ते वेगळ्याच कारणानं. इंडियातून आलेला माणूस इंडियाचं कोरं करकरीत बटण घेऊन बाईंच्या दारात जाणार आणि सांगणार, तुमच्या शेतात सापडलं. कोण विश्वास ठेवेल?

"दाखवूच नका," बायको म्हणाली. "सांगा, मिस्टेक झाली, बाटलीचं झाकण निघालं. सिंपल."

"म्हणजे अट मोडली ती मोडली, वर खोटं बोलू?"

"मग मी येते. घासलं मी, सांगणारही मीच."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंही गाडीत बसलो. मी मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य चोराच्या तोंडचं वाटत होतं. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. शेत हातचं जाण्याची नव्हे, लबाड ठरण्याची.

बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरा रुमाल अंथरून ठेवला होता. मी त्यावर बटण ठेवलं. त्याची चकाकी बघून त्यांचा चेहरा उतरला. जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"आय क्लीन्ड इट," बायको म्हणाली. "नॉट हिम. वी डू इट फॉर गॉड."

बाईंनी चष्मा लावला आणि बटण उलटं केलं. त्यांनी ती अक्षरं वाचलेली मला दिसली.

"कुठं सापडलं?"

"कुंपणाजवळ, मेपलच्या अलीकडे. खड्डा अजून ताजा आहे, चला, दाखवतो. विश्वास नसेल तर..." माझा आवाज चढला.

"जरा गप्प बसा," त्या म्हणाल्या.

मी बसलो. बाई बटणाच्या कडेवरून नख फिरवत राहिल्या. बायकोनं टेबलाखाली माझा गुडघा घट्ट धरला होता.

"माझा नवरा," शेवटी त्या म्हणाल्या, "दर उन्हाळ्यात या शेतात शिपाई व्हायचा. कोटाची बटणं पोस्टानं तुमच्या देशातून आली होती. ती मी शिवली. एक तुटून पडलं तर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला, तुला साधं बटण शिवता येत नाही म्हणून. मी म्हटलं, खोट्या शिपायाला बटण हवं कशाला. त्यानंतर त्यानं तो कोट घातला नाही."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की तुमच्या पूर्वजांचं बटण मी शोधत राहीन.

त्यांनी नको म्हणून मान हलवली. बटण मुठीत गेलं होतं.

"तुम्ही खरं सांगताय, मला माहीत आहे. त्या दिवशी तो तिथंच बटण शोधत होता, कुंपणाजवळ. अंधार पडेपर्यंत, गुडघ्यांवर. मी या खिडकीतून बघत होते. मदतीला गेले नाही."