सावलीची बाजू

वैशाखऱ्याच्या अनंता कंडक्टरनं मुरबाड डेपोत एकतीस वर्षं नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर ती नोकरी घरी आणली. निदान त्याच्या बायकोचं, हिराबाईचं म्हणणं तसं होतं. जेवणाचं ताट कुठं मांडायचं, बाज अंगणाच्या कुठल्या कोपऱ्यात ओढायची, तांदूळ निवडायला कुठं बसायचं, सगळं उन्हाच्या हिशेबानं. "गो, तिथं नको बसू, धा वाजता ऊन येल." ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

एसटीतल्या उन्हाबद्दल तर विचारूच नका. गाडी कुठली आणि सुटणार किती वाजता एवढं सांगा, अनंता डोळे मिटून सांगणार, कुठल्या खिडकीशी बसा. बोटानं बाक दाखवायचा आणि तिथं हमखास सावली मिळायची. लोक त्याला मानायचे. लोकांचं काय जातंय? त्यांचं गाव आलं की ते उतरून जायचे. हिराबाईला उतरायची सोय नव्हती.

तिचं माहेर मढ, माळशेज घाटाच्या डोक्यावर, आणि सासर घाटाच्या पायथ्याशी. माहेरी जायचं ते नवऱ्याच्याच गाडीनं. घाटात वळण आलं की ऊन बाजू बदलायचं, आणि हा तिकिटं देता देता हाक मारायचा, "हिरा, ह्या बाजूला ये!" पुढच्या वळणाला परत त्या बाजूला. कडेवर पोर, हातात पिशवी, आणि सगळी गाडी बघतेय! तीस वर्षांत तिनं तो घाट किती वेळा पार केला असेल, पण दरी काही धड बघितली नाही. जरा दिसायला लागली की उठायची वेळ झालेलीच.

बरं, भांडावं तर तेही जमत नव्हतं. मुलगा किशोर पोटात असताना सातव्या महिन्यात ती माहेरी निघाली होती, उन्हाच्या खिडकीशी बसली आणि तिथंच बेशुद्ध पडली. अनंता मागच्या बाकांवर तिकिटं देत होता. त्याला पत्ताच नाही. एका परक्या बाईनं ओरडून सांगितलं तेव्हा तो धावत पुढं आला, आणि त्या दिवसापासून त्यानं उन्हाशी जे वैर धरलं ते आजतागायत. हे हिराबाईला ठाऊक होतं. पण माया झाली म्हणून ती किती सोसायची, याला काही सुमार?

यंदा थंडीत किशोरच्या मुलीचं बारसं निघालं, नागपूरला. नोकरी लागल्यावर तो तिकडंच स्थायिक झाला होता. त्यानं आईबापाला विमानाची तिकिटं काढली आणि फोनवर सहज बोलून गेला, "आई, विमान शहापूरवरून जातं. एका बाजूला बसलीस तर माळशेज घाट दिसल बघ वरून."

झालं. हिराबाईच्या मनानं ते घेतलं. घाटाच्या वर मढ, घाटाच्या खाली वैशाखरे. सगळा जन्म ह्या दोघांत वर-खाली करण्यात गेला, आता एकदा तरी माहेर आणि सासर एका नजरेत बघायचं.

"मला घाटाच्या बाजूला बसवा," तिनं नवऱ्याला सांगितलं.

"घाट दक्षिणेला. सकाळचं ऊन पन तिकडूनच. भाजून निघशील."

"निघीन."

"घाट काय पळून चाललाय? बघ की कवा बी एसटीतून."

हिराबाईला वाटलं, हातातलं सूप त्याच्या डोक्यात घालावं.

दुसऱ्या दिवशी किशोरचा फोन आला. "बाबा, सीट पक्की करतोय. डावी का उजवी?"

अनंता पडवीत ताठ उभा राहिला. नोकरीत असल्यासारखा गंभीर चेहरा केला. नागपूर पूर्वेला, सूर्य दक्षिणेकडून, म्हणजे सावली उत्तरेला. त्यानं उत्तरेकडचा हात वर केला, हाताकडं बघितलं आणि ठासून सांगितलं, "उजवी! उजव्या हाताची खिडकी घे रे. सावली हाय तिकडं."

हिराबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. तिनं वर बघितलं आणि तिचा हात थांबला. नवरा नागपूरकडं पाठ करून उभा होता. गाडीत ड्रायव्हरकडं पाठ आणि पॅसेंजरकडं तोंड करून जसा एकतीस वर्षं उभा राहिला, तसाच. त्याचा उजवा हात म्हणजे गाडीचा डावा. आजवर तो बोटानं दाखवायचा म्हणून निभावलं, पण फोनवर पोराला बोट कुठून दिसणार?

ती सांगणार होती. ओठांवर आलंही होतं. मग तिनं मान खाली घातली आणि शेंगा सोलायला लागली.

विमान सुटलं ते समुद्राकडं तोंड आणि नागपूरकडं पाठ करून. खिडकीशी हिराबाई, शेजारी अनंता. खिडकीत गार सावली होती. "बघ!" अनंता आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी सांगितलं नव्हतं?"

हिराबाईला खिडकीतून नुसतं पाणी दिसत होतं. घाट गेला म्हणायचा.

आणि मग विमान वळलं. वळतच राहिलं. बघता बघता ऊन खिडकीतून आत घुसलं आणि तिच्या तोंडावर, मांडीवर, सगळीकडं पसरलं. अनंताचा चेहरा उतरला. त्यानं हात लांब करून खिडकीचं झाकण खाली ओढलं. तिनं वर सारलं. त्यानं परत ओढलं. तिनं परत सारलं.

"पलीकडं एखादी जागा रिकामी असल, इचारतो," म्हणत तो उठायला लागला.

"बसा खाली!" हिराबाई एवढ्या जोरात म्हणाली की पुढच्या माणसानं मागं वळून बघितलं. "मी इथून हलणार नाय. तीस वर्सं हलले."

तो बसला. ती खिडकीला नाक लावून बघत होती. शेतं, रस्ते, मग डोंगराची लांबच लांब भिंत. भिंतीवर पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी चकाकत होतं, त्याच्या काठी मढ. भिंतीखाली करड्या शेतांत वैशाखरे. दोन्ही गावं तिच्या एका तळहाताखाली झाकली असती. मधला तो सगळा घाट, ती सगळी वळणं, बोटभर रेघ.

"तो बघा घाट," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते उन्हानं आलेलं नव्हतं.

अनंतानं वाकून बघितलं. "पन मी सावलीची बाजू सांगितली होती..."

"फोनवर बोलताना ड्रायव्हरकडं पाठ करून उभे होतात तुमी."

त्यानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. "तुला म्हाईत होतं? मग बोलली का नायस?"

"मला घाट बघायचा होता."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या कपाळाशी आडवी धरली, खिडकी मोकळी सोडून, डोळ्यांपुरती सावली पडेल अशी. घाट मागं पडला, हाताला कळ लागली, तरी त्यानं टोपी खाली घेतली नाही.

बारसं झाल्यावर किशोर परतीच्या सीट काढायला मोबाईल घेऊन बसला. "बाबा, कुठली बाजू?"

सवयीनं अनंता उठून उभा राहिला, तोंड उघडलं आणि मिटलं.

"हिला इचार," तो म्हणाला आणि खाली बसला.

हिराबाई उठली. विमान जाणार तिकडं, घराकडं, नीट तोंड करून उभी राहिली आणि तिनं घाटाकडचा, डावा हात वर केला.