वरणातले खिळे

आमच्या घरात मी बाराखडी शिकले ती ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांवर. घरात पत्रकंच तेवढी होती. त्यामुळे आईच्या रक्तात लोह कमी असल्याचा रिपोर्ट आला, तेव्हा मला आजार दिसलाच नाही. मला विषय दिसला. आमच्या गडचिरोलीतल्या सूरजागडच्या डोंगरातलं लोह ट्रक भरभरून बाहेर जातं आणि जिल्ह्यातल्या बाईचं रक्त फिकं!

आईचे सांधे बरीच वर्षं सुजलेले. सकाळी बोटं वाकत नसत. तरी दरवर्षी ती धानाच्या रोवणीला जायचीच. यंदा मात्र बायांच्या टोळीची म्होरकी असलेल्या शेजारच्या काकूनं हिवाळ्यातच सांगून टाकलं, की पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी मुठीत मावत नसेल आणि चार पावलांत धाप लागत असेल, तर धुऱ्यावर, बांधावर बसून पाहायचं. आई त्या दिवशी जेवली नाही.

मी लगेच पत्रक काढलं. मथळा : ‘लोह आमचं, अशक्तपणाही आमचाच?’ खाली मागण्या. गोळ्या नाकारा, अंबाडी-शेवगा खा, लोखंडी भांड्यात रांधा. झेरॉक्स काढून गावभर वाटलं.

माझं पत्रक गावानं मनावर घेतलं, असं पहिल्यांदाच घडलं. कोणी जुना तवा आणून दिला, कोणी नांगराचा फाळ. एका म्हाताऱ्या भाऊंनी खिळ्यांची पुडी दिली, वरणात उकळायला. गंजलेला खिळा जास्त गुणकारी की चकचकीत, यावर पारावर दोन गट पडले. जेवायला बसलं की वडील आधी पळीनं वरणाचा तळ चाचपायचे.

दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. लोह वाढायचं सोडून रक्तच आणखी उतरलं होतं आणि बोटं वांग्यांसारखी टम्म. गडचिरोलीच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी विचारलं, सांध्यांच्या सुजेची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी चालू आहे ना?

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. तेही सरळ होत नव्हतं.

“हिच्या पत्रकात लिवून होतं, गोळ्या नाकारा. म्या नाकारल्या.”

मी पुटपुटले, की मी टॉनिकच्या गोळ्यांबद्दल लिहिलं होतं.

“मंग तसं लिवाचं होतं, बाई.”

मॅडमनी समजावलं. आईच्या अंगात लोह भरपूर आहे, पण गोदामात. आत सूज धुमसत असेपर्यंत शरीर त्या गोदामाला कुलूप लावून ठेवतं. मग वरून कितीही लोह घाला, रक्तापर्यंत पोचत नाही. हे ऐकताना माझ्या डोक्यात ‘कुलूप तोडा’ ही घोषणा तयार झाली, आणि बहुतेक तोंडावरही दिसली असावी.

“तोडायचं काही नाही,” मॅडम म्हणाल्या. “सूज उतरवायची. कुलूप आपोआप निघतं.”

आठवड्याची गोळी पुन्हा सुरू झाली, सोबत फॉलिक अॅसिडची. भाज्या, अंडी खुशाल खा म्हणाल्या. खिळे बंद. आईच्या हुकुमावरून मी दुसरं पत्रक काढलं : ‘पहिलं पत्रक चुकलं.’ त्यातही मी सुजेला ‘शोषक’ म्हटलं होतं. आईनं तो शब्द खोडायला लावला. वडिलांनी ते इतक्या उत्साहानं वाटलं, की मला पुढचा आठवडा मागच्या गल्लीनं फिरावं लागलं.

सूज हळूहळू ओसरली, रक्त त्याहून हळू चढलं. रोवणीच्या पहिल्या दिवशी काकूनं आईच्या हातात जुडी ठेवली. करंगळी सोडून मूठ मिटली.

“दुपारपर्यंतच, बाई,” काकू म्हणाली. “मंग तुह्या जागी पोरगी उतरंल.”

दुपारनंतर मी चिखलात उतरले. संध्याकाळी काकूनं मी लावलेला वाकडातिकडा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी आईला पूर्ण दिवस बोलावलं.