उजव्या सोंडेचं यंत्र

सबनीस डॉक्टर गेले त्या सकाळी मी वैतागलेलो होतो. आमच्या आणि त्यांच्या घरामधला ड्राइव्हवे सामाईक आहे. त्यावर कुणीतरी मोठी गाडी आडवी लावली होती आणि मला आठच्या आत निघायचं होतं. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती, तिच्यातून नुसता पिवळा रंग दिसत होता. "आलं वाटतं कुणाचं तरी पार्सल," असं म्हणून मी उरलेला चहा प्यायलो, सावकाश प्यायलो. माझी बायको मेधा हातानं काच पुसून बाहेर बघत होती. ती म्हणाली, "दिलीप, अँब्युलन्स आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि ते घाई करत नाहीयेत." मेधानं इथल्या हॉस्पिटलात तीस वर्षं काढली आहेत. घाई नसण्याचा अर्थ तिनं मला वेगळा सांगितला नाही...

त्याला आता नऊ आठवडे झाले. लेस्टरमधली आमची मराठी मंडळी भेटतील तिथं सांगतात, डॉक्टरांवर तू लिही, तू मस्त रंगवून लिहितोस. अडचण नेमकी तिथंच आहे. डॉक्टरांना मी एकदा रंगवलेलं आहे, भर स्टेजवर, दोनशे माणसांसमोर. ते पुसता येईल का, एवढ्याचसाठी हे लिहायला बसलो आहे.

आम्ही या घरात राहायला आलो त्याला चोवीस वर्षं झाली. सामान उतरवत होतो तेव्हा शेजारचे पन्नाशीचे उंच गृहस्थ चपला घालून आले, ड्राइव्हच्या मधोमध उभे राहिले आणि शुद्ध मिरजेच्या मराठीत म्हणाले, "वाट एकच आहे. नवरा-बायकोचं जमलं नाही तर वेगळं होता येतं, आपल्याला ती सोय नाही." एवढं बोलून ते घरात गेले आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, पोह्यांचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. पुढच्या चोवीस वर्षांत डॉक्टर एका दमात याहून लांब बोलल्याचं मला आठवत नाही. ते जनरल सर्जन होते. त्यांचे हात बोलायचे. मी मंडळाची नाटकं बसवतो, म्हणजे तोंडानंच जगतो. त्यामुळे आमचं जमलं. रविवारी सकाळी आमच्या बाजूच्या दारातून, जे थेट ड्राइव्हवर उघडतं, ते न ठोठावता आत यायचे. "काय नटवर्य," असं म्हणून खुर्ची ओढायचे आणि पुढचा तासभर माझं ऐकत बसायचे. एका प्रयोगाच्या आधी पडदा टराटरा फाटला तेव्हा ते घरी जाऊन काळ्या रेशमाचं रीळ घेऊन आले. ऑपरेशनला वापरायचा तो धागा. सात टाके घातले, दातानं नाही, कात्रीनं धागा कापला आणि म्हणाले, "पेशंट वाचेल. नाटकाचं सांगता येत नाही." तो पडदा अजून आम्ही वापरतो.

बर्फ पडला की फावडं माझ्याकडे असायचं. ते वयानं मोठे, मी धट्टाकट्टा, हे न बोलता ठरलं होतं. लेस्टरला बर्फ तसा लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखा. कधीतरी येतो, सगळ्यांबरोबर फोटो काढून घेतो आणि दुपारी निघून जातो. पण आलाच, तर मी त्याचा प्रयोग करायचो. गळ्यात मफलर, हातात फावडं, तोंडानं तुतारी. काकू खिडकीतून हसायच्या. डॉक्टर हसायचे नाहीत, पण खिडकीतून हलायचेही नाहीत.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तालमीत मी छातीवर हात धरून खाली कोसळलो. मी आहे म्हटल्यावर दोघांनी टाळ्या वाजवल्या. मग स्टेंट बसली. डॉक्टर रोज संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये येऊन पायाशी बसायचे, तिथल्या डॉक्टरांचे कागद उलटेसुलटे वाचायचे. घरी सोडलं त्या दिवशी त्यांनी यादी सांगितली. तूप कमी, जिने सावकाश, आणि फावडं बंद. मी म्हणालो, "आणि बर्फ पडला तर?" ते म्हणाले, "बघू."

नोव्हेंबरमध्ये त्यांच्या दारात एक भलं मोठं खोकं येऊन पडलं. आत बर्फ उडवायचं यंत्र. विजेवर चालणारं, लाल रंगाचं, पुढं बर्फ गिळायला जबडा आणि वर तो बाजूला फेकायला वाकडं नळकांडं. मी बाजूच्या दारातून धावत बाहेर आलो. असा ऐवज दारात चालून आला असताना घरात बसणं माझ्या स्वभावात नाही.

"डॉक्टर, हे लेस्टर आहे. सैबेरियाला आपण कधी शिफ्ट झालो?"

"असू दे घरात."

"आणि ही सोंड उजवीकडे का? उजव्या सोंडेचा फार कडक असतो म्हणतात. सोवळं पाळावं लागेल."

डॉक्टरांनी नळकांड्यावर हात ठेवला, एकदा माझ्या घराकडे बघितलं, एकदा स्वतःच्या गुलाबांच्या वाफ्याकडे. "पाळीन," म्हणाले.

त्यानंतर दर रविवारी कोरड्या ड्राइव्हवर त्यांची तालीम चालायची. माकडटोपी, त्यावर गॉगल, अंगात रस्त्यावरचे कामगार घालतात तसं चकाकतं पिवळं जॅकेट, आणि गराजमधून आलेली लांबलचक नारिंगी वायर खांद्यावरून उपरण्यासारखी मागे सोडलेली. मी खिडकीत बसून सगळं टिपत होतो. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

जानेवारीत खरोखरच वीतभर बर्फ पडला. उजाडल्याबरोबर यंत्र घरघरलं. डॉक्टर घराकडून रस्त्याकडे निघाले, सोंडेतून बर्फाची कमान उठली आणि उजवीकडे त्यांच्या स्वतःच्याच गुलाबांवर कोसळली. रस्त्यापाशी पोचल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं. मग ते वळवून, मुकाट्यानं ओढत, वायर गोळा करत पुन्हा घरापाशी आले. तिथं चालू केलं आणि पुन्हा रस्त्याकडे. जाताना गर्जना, येताना मौन. जाताना सेनापती, येताना भाजी आणायला जाऊन पिशवी विसरलेला माणूस. असं नऊ-दहा वेळा. मी खिडकी उघडून ओरडलो, "डॉक्टर, येतानाही चालू ठेवा की. निम्म्या वेळात होईल." त्यांनी हात वर केला आणि पुन्हा मुकाट्यानं मागे आले.

दोन आठवड्यांनी मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. माझी वीस मिनिटं दरवर्षी ठरलेली असतात. मी माकडटोपी घातली, गॉगल लावला, हॉलमधला व्हॅक्युम क्लीनर हातात घेतला आणि वायर खांद्यावर टाकली. पहिल्या फेरीला लोक हसले. दुसऱ्या फेरीला, मी मुकाट्यानं परत ओढत येत होतो तेव्हा, हॉल हसून फुटला. मी थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. त्यांची ती खांदे पाडून येण्याची चाल, थांबून गुडघा चोळणं, सगळं घेतलं. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, "अय्या, अगदी सबनीस डॉक्टर." सगळ्या माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. डॉक्टर हसत होते. काकू हसत नव्हत्या.

बाहेर पडताना ते माझ्यापाशी आले, माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "छान झालं, दिलीपराव. चाल बरोबर पकडलीत."

इतक्या वर्षांच्या शेजारात मी पहिल्यांदा दिलीपराव झालो. पुढच्या रविवारी बाजूचं दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भांडण नव्हतं. ड्राइव्हवर भेटले की "कसे आहात", "गार आहे आज", सगळं रीतसर. मी मनात माफी लिहिली, चांगली चार वाक्यांची, बेसिनच्या आरशासमोर तिची तालीमही केली. चौथ्या वाक्यावर दर वेळी मला एखादा विनोद सुचायचा. मग मी ठरवलं की तेच रुसले आहेत, म्हातारपणी माणसं हळवी होतात, येतील आपोआप.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा बर्फ पडला. मेधाची सकाळची ड्यूटी होती. ती साडेसहाला गाडी काढायला गेली तर आमच्या बाजूपर्यंत ड्राइव्ह स्वच्छ झालेला. बाहेर डॉक्टर, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तीच चाल. जाताना गर्जना, येताना मौन. माझी नक्कल झाली म्हणून त्यांनी चाल बदलली नव्हती. मला वाटलं, हे मला दाखवण्यासाठीच चाललं आहे. बघ, ज्याला हसलास त्यानंच तुझी वाट साफ केली. मी पडद्यामागे उभा राहिलो. साधा चहाचा कप घेऊन बाहेर जायचं होतं, बारा पावलांवर... गेलो नाही.

आणि मग नोव्हेंबरची ती सकाळ आली. सगळे विधी झाले, त्यांचा मुलगा कॅनडाहून येऊन परत गेला, मी जे बोलायचं ते सगळीकडे बोललो. माफीची चार वाक्यं तेवढी तशीच राहिली.

तीन आठवड्यांपूर्वी बर्फ पडला. सकाळी उठून मी गराजच्या कोपऱ्यातलं जुनं फावडं काढलं. तेवढ्यात काकूंनी त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडली. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"दिलीप, ते खाली ठेव आधी. ठेव म्हणते ना. आणि इकडे ये."

त्या मला त्यांच्या गराजमध्ये घेऊन गेल्या. यंत्र एका जुन्या चादरीखाली होतं. चादर काढताना त्या म्हणाल्या, "हे तुझ्यासाठीच आणलेलं आहे, आता तूच वापर."

"माझ्यासाठी म्हणजे?"

"मग काय आमच्यासाठी? आम्हाला कुठं जायचं असतं बर्फाचं. तुझं ऑपरेशन झालं तेव्हापासून यांच्या डोक्यात एकच. बर्फ पडला की हा मूर्ख फावडं घेणार आणि मरणार." मूर्ख हा शब्द त्यांनी डॉक्टरांच्या आवाजात म्हटला. "मी म्हटलं, सांगा की त्याला तसं. तर म्हणाले, सांगितलं तर मुद्दाम फावडं घेऊन नाचेल. त्याला कुणी जपलेलं आवडत नाही."

एप्रिलमध्ये फावडं बंद, नोव्हेंबरमध्ये यंत्र. माणसांच्या लकबी टिपण्यात माझी हयात गेली आणि या दोन गोष्टी मला कधी शेजारी ठेवता आल्या नाहीत.

मी यंत्र बाहेर ओढलं, वायर जोडली आणि सोंड थोडी सरळ करावी म्हणून दांडा फिरवायला गेलो. तो फिरेना. खाली वाकून बघितलं तर दांडा काळ्या रेशमानं आवळून बांधलेला होता. एकावर एक बसलेल्या तीन गाठी, टोकं कात्रीनं सारखी कापलेली.

काकू म्हणाल्या, "पहिल्याच बर्फात, उजाडायच्या आधीच, ती सोंड हादऱ्यानं फिरली. सगळा ढीग तुझ्या बाजूच्या दारात. म्हणाले, हा आता दार उघडायला फावडं घेईल. तू उठायच्या आत हातानं ढीग काढला आणि ही गाठ मारून टाकली. पुन्हा फिरायला नको म्हणून."

मग मला ती चाल कळली. जाताना सोंड त्यांच्या गुलाबांकडे असायची. वळून परत येताना तीच सोंड माझ्या दाराकडे व्हायची. म्हणून येताना यंत्र बंद. म्हणून ते ओझं मुकाट्यानं ओढत, गुडघा चोळत, दहा-दहा वेळा परत. सोवळं पाळीन म्हणाले होते, पाळलं. हॉल ज्या ठिकाणी हसून फुटला होता, ते नेमकं हेच मुकाट्यानं परत येणं होतं.

मी विचारलं, "काकू, माझ्यावर फार रागावले होते का?"

"रागावले असते तर बरं झालं असतं. राग यांना पचायचा." त्या वायरीचा पीळ सोडवत राहिल्या. "लाजले होते रे. घरी येऊन विचारलं मला, मी असा चालतो का? आणि मग तुझ्याकडे येईनात. म्हणाले, मला बघून त्याला हसू येत असेल, बिचाऱ्याला ते दाबत बसावं लागतं. कशाला उगाच."

चार वाक्यांतलं एकही त्या वेळी आठवलं नाही. काकूंनी मला डॉक्टरांची माकडटोपी दिली, कान झाकायला. ती मी घातली.

यंत्र सुरू केलं आणि घराकडून रस्त्याकडे निघालो. बर्फ उजवीकडे उडून गुलाबांवर पडत राहिला. दर वेळी असाच पडूनही ते गुलाब दर जूनला फुललेले आहेत. रस्त्यापाशी मी यंत्र बंद केलं. गाठ कापायला कात्री लागली असती आणि काकूंनी ती दिलीही असती. मी मागितली नाही. यंत्र वळवलं, वायर गोळा केली आणि ओढत परत निघालो. ते चांगलंच जड आहे. स्टेजवरच्या व्हॅक्युम क्लीनरला हे वजन नव्हतं. तिसऱ्या फेरीला माझे खांदे आपोआप पडले, पाचव्या फेरीला मी थांबून गुडघा चोळला. खिडकीत काकू उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरलेला. त्यांनी ती चाल ओळखली होती. या खेपेला मी नक्कल करत नव्हतो.

यंत्र आता आमच्या बाजूच्या दाराच्या आत ठेवलेलं असतं. जाता-येता ठेच लागते, मेधा रोज कुरकुर करते. सोंड उजवीकडे आहे, रेशीम जागच्या जागी. रविवारी सकाळी दाराची कडी मी काढून ठेवतो...