हळदीची पहिली ओंजळ

मसाल्याच्या गिरणीत वीस वर्षं काढलेल्या त्या बाईचा एकच हट्ट होता, आपल्या पोरीने या गिरणीची पायरी चढायची नाही. बाकी कंबर मोडो की घर गळो, तिचं काही म्हणणं नव्हतं.

आणि पोरीचं नशीब उघडायलाही आलं होतं. चष्म्याच्या दुकानात जागा निघाली. काम काय, तर गिऱ्हाइकासमोर बसायचं, त्याच्या नाकावर चष्मा चढवायचा आणि आरसा पुढे धरायचा. पोरगी बोलायला गोड, हाताने हलकी. घोडं अडलं ते गालांवर. मुरमं अशी उठली होती की बोट ठेवायला जागा नाही. दुकानाची मालकीण तशी वाईट नव्हती. ती म्हणाली, गिऱ्हाईक तुला वीतभर अंतरावरून बघणार, तेव्हा पुढच्या सोमवारपर्यंत तोंड जरा निवळू दे, मग ये.

हातात आठ दिवस. कातडीचा डॉक्टर परवडणारा नव्हता. मग काय, भेटेल तो वैद्य! शेजारणीने लिंबू सांगितलं, मावशीने मध, कुणा दीडशहाण्याने टूथपेस्ट. पोरीने सगळं थापलं. लिंबाने गाल सोलवटले, टूथपेस्टने खपल्या धरल्या, मुरमं मात्र घरजावयासारखी ठाण मांडून बसली.

शेवटी आई म्हणाली, हळदीसारखं औषध नाही आणि ती तर आपल्या घरचीच. घरची म्हणजे गिरणीतली. तिथे मिरचीनंतर हळद दळायला घेतली की पहिली ओंजळ बाजूला काढतात, कारण मशीनमध्ये अडकलेली मिरची तिच्यात उतरते. ती विकता येत नाही, म्हणून कामाच्या बायका भाजीला घेऊन जातात. फुकट ते पौष्टिक. आईला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? वीस वर्षं ती ओंजळ तीच काढत होती. म्हणून तर तिने आधी स्वतःच्या मनगटावर लेप लावला आणि भात शिजेपर्यंत तसाच ठेवला. काही झोंबलं नाही. मिरचीत मुरलेल्या हाताला काय डोंबल झोंबणार! पण हा विचार त्या माउलीच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

रविवारी दुपारी तिने हळद दह्यात कालवली आणि लेकीच्या गालांना जाड लेप दिला. थोड्या वेळाने पोरगी म्हणाली, "आई, आग होतेय गं."

"आग होतेय म्हणजे लागू पडतंय. दहा मिनिटं कळ काढ."

पोरीने काढली. आईचं ऐकायची सवय, तीच नडली. खाटेची कड घट्ट धरून, डोळ्यांतून पाणी गळत, ती घड्याळाकडे बघत पुरती दहा मिनिटं बसली. तोंड धुतलं तशी आग डोळ्यांतही उतरली. मग मात्र ती ओरडली ती शेजारची माणसं धावत येईपर्यंत.

सोमवारी तिचे डोळे उघडत नव्हते. दवाखान्यात मलम मिळालं आणि डाग राहतील असंही कळलं. गुरुवारी चष्म्याच्या दुकानात दुसरी मुलगी बसली.

पोरगी आईला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती, चार भांडी आपटली असती, तर आईला बरं वाटलं असतं. तिने भिंतीवरचा आरसा तेवढा काढून ठेवला. कुणी आलं की आतल्या खोलीत जायची. असे दोन महिने गेले. लोक म्हणायचे, घरात कुजवण्यापेक्षा ने तिला गिरणीत. आई नाही नाही म्हणत राहिली, आणि एका सकाळी पोरगी आपणहून चपला घालून तिच्यामागे निघाली.

गिरणीत नाकातोंडाला फडकं बांधावंच लागतं, नाहीतर ठसक्याने जीव जातो. आईने लेकीला ते डोळ्यांच्या खालपर्यंत बांधून दिलं. बायका सरकल्या, पोरगी मान ताठ करून त्यांच्यात बसली आणि तिने चाळण ओढून घेतली. तासाभराने आई जवळ आली आणि म्हणाली, जमत नसेल तर घरी जा.

"नको," पोरगी म्हणाली. "इथं बरंय. इथं माझ्याकडे कुणी बघत नाही."

आईने मिरचीचं पुढचं घमेलं उचललं आणि मशीनमध्ये ओतलं.