पाटाच्या पाण्याखाली चोवीस हात

झुंबरबाईला अक्षर एक येत नव्हतं, पण मापात तिला फसवणारा माणूस अजून जन्मायचा होता. लग्नाआधी पांझरा नदीच्या पाटावर माती वाहताना ओव्हरसियरची मापाची फळी तीच धरायची. देशातल्या उंच्या समुद्रापासून मोजतात, धुळं समुद्राच्या आठशे फूट वर आहे, हे तिनं तिथंच ऐकलं.

"आन समुद्रना खाले?" तिनं विचारलं.

"खालचाही आकडा असतो. त्याच्याआधी आडवी रेघ मारायची," ओव्हरसियर म्हणाला. बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. हिनं मात्र ते पदराला बांधून ठेवलं.

१९३१च्या चैत्रात तिचा नवरा हिलाल मोतीलालभाऊंची नवी विहीर खोदत होता. एकवीस हात खोल गेला तरी पाण्याचा पत्ता नाही, म्हणून तळाशी आडवं भगदाड पाडत तो आत सरकला. त्या दुपारी समोरचा खडक ओला लागला.

"झरा शे भाऊ!" खालून आरोळी आली. मोतीलालभाऊंना काय करू नि काय नको असं झालं.

वर मजूर अभिमनबरोबर कप्पीचा दोर ओढणारी झुंबरबाई मात्र चरकली. पाटापलीकडं टेकाडावर भाऊंचीच जुनी, रुंद विहीर होती आणि भगदाड तिकडंच चाललं होतं.

"भाऊ, ते जुनी इहीरनं पाणी शे!"

"अवं, तिनं पाणी चोवीस हातवर, हिलाल एकवीसवर. पाणी त्याना तीन हात खालेच शे!"

हिशेब कुणालाही पटावा असाच. पण चोवीस मोजले टेकाडावरच्या काठापासून आणि एकवीस सखलातल्या काठापासून! दोन्ही विहिरींना एकच समुद्र हवा. झुंबरबाईची नजर पाटावर गेली. खालचं दार लावलेलं, पाणी निवांत उभं. उभं पाणी या टोकाला जेवढं, तेवढंच त्या टोकाला. तेच शून्य. जुन्या विहिरीचा काठ त्याच्या सहा हात वर, म्हणजे तिचं पाणी शून्याखाली अठरा. नव्या विहिरीचा काठच शून्याखाली तीन, त्यात आणखी एकवीस, म्हणजे हिलालचे पाय शून्याखाली चोवीस. पाणी त्याच्या पायांच्या सहा हात वर होतं आणि मधे उरला होता दगडाचा ओला पापुद्रा.

"वर या! पाणी तुमना डोकावर शे!"

"चूप बैस. मी हाक मारसू तवय दोर ओढ," हिलाल खालून खेकसला.

पहारीचे घाव सुरूच राहिले. खालच्याच्या हाकेशिवाय दोर ओढायचा नाही, हा खोदकऱ्यांचा कायदा. समजूत घालायला वेळ कुठला? झुंबरबाईनं पदर खोचला आणि ती सरळ टोपल्यात जाऊन बसली.

"अभिमन, माले खाले सोड."

मोतीलालभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. पुजण्याआधी विहिरीच्या तळाला बाईचा पाय लागला तर पाणी आटतं, असं तिथं सगळेच मानत.

"हिलाल, वर ये रे भो! तुनी बायको इहीर बाटाडस!"

माणसाच्या जिवासाठी न फुटलेला भाऊंचा आवाज विहिरीसाठी बरोबर फुटला.

खालून हिलालची हाक आली. ती टोपल्यातून उतरली, रिकामं टोपलं खाली गेलं, हिलाल दातओठ खात वर आला. काठावर पाय टेकताच त्यानं तिच्यावर हात उगारला, तोच खाली गडगडाट झाला. पहार, घण, कंदील, सगळं गढूळ पाण्यात गडप झालं.

पाणी थांबल्यावर हिलालनं दगड बांधलेली मापाची दोरी तळाला सोडली आणि वर ओढली. तिचा ओला भाग त्यानं स्वतःच्या टाचेपासून वर धरला. तो छातीवरून, हनुवटीवरून, डोक्यावरून वर गेला आणि हात उंच केला तरी संपेना.

"तुनं बठ्ठं माप खरं व्हतं व," तो पुटपुटला आणि काठावरच खाली बसला. झुंबरबाईनं त्याचं धुळीनं माखलेलं डोकं दोन्ही हातांनी पोटाशी धरलं आणि सगळ्यांसमोर ती मोठ्यानं रडली.