डावीकडचा पोचा

घरात हे कुणाला ठाऊक नाही. देवापुढे हात जोडतानाही मी ते कधी ओठावर येऊ दिलेलं नाही. लपवून लपवून आता थकलोय — म्हणून तुमच्यापाशी बोलतोय.

बंगळुरात, येलहंक्याला माझं छोटं गॅरेज आहे. जुन्या मोटारींचे क्रोमचे बंपर मी गुळगुळीत करून देतो. वरची उभी शिंगं कापायची, बोल्टांची भोकं वेल्डिंगने बुजवायची, कानस मारायची, मग बफिंग, म्हणजे यंत्रावर घासून चकाकी आणायची, आणि शेवटी क्रोमचा मुलामा. सांधा कुठे होता ते मालकालाही सापडता कामा नये. बफिंग मुनियप्पा अण्णा करायचे. माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. बावीस वर्षं आम्ही एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. आमचं सगळं बोलणं कन्नडमध्ये. मराठी त्यांना ओ का ठो कळत नसे. हे मुद्दाम सांगतोय.

बसवनगुडीच्या एका अक्कांनी नवऱ्याची जुनी गाडी पाठवली. इथल्या आमच्याच मराठी समाजातल्या, म्हणून मराठीत बोलणं. नवरा नुकताच गेलेला. मुलाला बंपर अगदी सपाट, एकसंध हवा होता. अक्कांचं मागणं एवढंच — डावीकडचा पोचा तसाच राहू द्या. नवऱ्याने गाडी शिकवली तेव्हा त्यांनी ती फाटकाच्या खांबावर घातली होती, आणि त्याने तो पोचा जन्मभर कुणाला काढू दिला नव्हता. मी म्हणालो, "सरी अक्का, राहू देतो."

आणि तरी काढला. चुकून? नाही हो. आरशासारख्या बंपरवर एक खड्डा — बघणारे काय म्हणतील? हे कुणाचं काम, असंच ना? मला माझ्या हाताचा भारी गर्व होता. मागून हातोडी मारली, वरून कानस फिरवली. अर्धा तास लागला असेल. अण्णांच्या हाती बंपर गेला तेव्हा पोच्याचा मागमूसही नव्हता.

गाडी न्यायला अक्का आल्या. डाव्या कोपऱ्यावरून त्यांचं बोट फिरलं, परत फिरलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता तरी खरं सांगायचं की नाही? मी अण्णांकडे बोट केलं आणि मराठीत म्हणालो, "ह्याला बजावून सांगितलं होतं, अक्का. म्हातारा झालाय, विसरला. ठोकून काढला."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना एकेरीत बोललो — त्यांच्या तोंडावर. अण्णा तिथेच उभे होते, हातातल्या फडक्याला बोटं पुसत. मी बोट दाखवलं म्हणजे चकाकीचं कौतुक चाललंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी हात जोडले आणि छान हसले. अक्कांनी ते हसणं पाहिलं. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत, गाडीत जाऊन बसल्या. त्या हसण्याचं त्यांना काय वाटलं असेल — विचार केला की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

जुन्या गाड्यांचे मालक सगळे एकमेकांच्या ओळखीचे. अक्कांच्या मुलाने चार जणांना सांगितलं, आणि ते माझ्याकडे येऊन म्हणू लागले, त्या म्हाताऱ्याचा हात आमच्या गाडीला नको. एका वाक्याचं काम होतं. मी तोंड उघडलं नाही. बफिंग बाहेरून करून घ्यायला लागलो. अण्णा रोज यायचे, यंत्र पुसायचे, बसून राहायचे. महिन्याभराने त्यांनी विचारलं, माझं काय चुकलं? आणि मी — अजून एक खोटं बोललो. म्हणालो, अण्णा, हल्ली हात थरथरतो तुमचा.

त्यांनी दोन्ही पंजे समोर धरून पाहिले. थरथरत नव्हते. पण माझ्यावर त्यांचा विश्वास होता. "सरी," म्हणाले, डबा उचलला आणि गेले.

गेल्या महिन्यात हेब्बाळला त्यांच्या मुलीकडे गेलो होतो. अण्णा आता काहीच करत नाहीत. मुलीने मला स्टीलचा छोटा लोटा भरून कॉफी दिली, त्यांना अर्धाच. म्हणाली, अप्पांचा हात थरथरतो ना, सांडते. अण्णांनी मान डोलावली आणि लोटा दोन्ही हातांनी धरला. शेवटच्या घोटापर्यंत मी त्या हातांकडे बघत होतो. ते जराही हलले नाहीत.