येसाजीकाकांचा राजीनामा

येसाजी उतेकरांनी उभ्या आयुष्यात फुटबॉलला एकदाही लाथ मारलेली नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण महाडच्या ‘प्रेक्षक फुटबॉल क्लब’चे ते संस्थापक आणि अध्यक्ष, असं कळलं की नवखा माणूस आधी त्यांच्या पायांकडे बघतो. पायांत बघण्यासारखं काही नाही. काकांचं सगळं भांडवल गळ्यात.

हा गळा तयार झाला उमरठच्या वरच्या अंगाला, एका वाडीत. वाडीची शेतं ओढ्याच्या दोन्ही बाजूंना. पलीकडच्या माणसाला जेवायला बोलवायचं तर कूक, म्हणजे लांबलचक हाळी, घालावी लागे. येसाजीनं कूक घातली की पलीकडचा माणूस तर येईच, पण भातात शिरलेली डुकरंही निघून जात. पुढे तो महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगला लागला आणि एवढ्या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न पडला. उत्तर रविवारी सापडलं. कारखान्याचा फुटबॉलचा संघ होता, आणि सामना चालू असताना बांधावर उभं राहून कितीही ओरडलं तरी कोणी काही म्हणत नसे. खेळाचे नियम त्याला पुढच्या तीन-चार वर्षांत हळूहळू कळत गेले.

मग साहेब बदलले आणि नव्या साहेबांनी संघ बंद केला. पुढच्या रविवारी सव गावच्या रस्त्यालगत, जिथे सामने होत त्या कापलेल्या भातशेतात तेवीस प्रेक्षक सवयीनं हजर. खेळाडू एकही नाही. मंडळी भुईमुगाच्या शेंगा खात रिकाम्या मैदानाकडे बघत बसली. शेंगा संपल्यावर काका म्हणाले, “आता वरडायचं कोणाच्या नावानं? आपनच काढू टीम.”

असा क्लब निघाला. विनोदिनीबाई हायस्कुलातून निवृत्त झालेल्या, त्या चिटणीस झाल्या आणि त्यांनी घटना लिहिली. एक सभासद, एक मत; खेळाडूही सभासद. त्यामुळे प्रत्येक गोष्ट सभेत ठरू लागली. जर्सीच्या रंगाला तीन सभा लागल्या आणि शेवटी जांभळा ठरला, जो कोणालाच नको होता.

पहिली दोन वर्षं काकांच्या आयुष्यातली सोन्याची. संघ स्वतःचा, बांध स्वतःचा. फक्त एक होतं, काका समोरच्या संघाला कधी काही बोलले नाहीत. सगळा मारा आपल्याच पोरांवर. त्यातही गोलकीपर भरतवर जास्त. भरत पोलादपूरचा, रात्रपाळी करून मोटरसायकलवरनं थेट मैदानात यायचा. “भरत, झोपलास काय रे? डाव्या अंगाला सात नंबर मोकळा उभा हाय, तुझा पावना हाय काय तो?” हे मैदानभर ऐकू जाई. भरतची बायको समीक्षा एकदा सामना बघायला आली, ती पुन्हा आली नाही.

तिसऱ्या वर्षीच्या सभेत भरतनंच उठून अध्यक्षपदासाठी येसाजीकाकांचं नाव सुचवलं. जर्सीला तीन सभा लावणाऱ्या क्लबनं हा ठराव मिनिटभरात एकमतानं मंजूर केला. काकांचे डोळे भरून आले. आपल्या लोकांनी इतक्या झटकन हात का वर केले, याचा विचार करण्याच्या मनःस्थितीत ते नव्हते.

पहिल्याच सामन्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, पाहुण्यांशेजारी हाताची खुर्ची मिळाली. मग विनोदिनीबाईंनी जिल्हा स्पर्धेची नियमावली काढून पुढे धरली. पदाधिकाऱ्यानं खेळ चालू असताना बाहेरून ओरडायचं नाही. ओरडला तर त्याच्या संघाचे दोन गुण कापायचे.

“म्हंजे मी गप बसायचं?” काकांनी विचारलं.

“अध्यक्षांनी शोभेसं बसायचं,” बाई म्हणाल्या.

दोन वर्षं काका शोभेसे बसले. बॉल डावीकडून आत येताना दिसे, भरत उजवीकडे बघताना दिसे आणि काका शालीचं टोक तोंडात धरत. एक शाल अशीच कुरतडली गेली. पूर्वी सामन्याच्या दिवशी संध्याकाळी काका घरात शिरले की तुळसाकाकू काही न विचारता मीठ घातलेलं कोमट पाणी पुढे ठेवायच्या, गुळण्या करायला. आता गळा शाबूत यायचा आणि माणूस रात्रीचं जेवण होईपर्यंत बोलायचा नाही. काकूंना आधी बरं वाटलं, मग बरं वाटेनासं झालं.

यंदाच्या शेवटच्या सामन्याला गोष्ट अशी आली की बरोबरी तरी करायलाच हवी. हरलो तर दुसऱ्या गटातून तिसऱ्या गटात. त्या गटाचे सामने पार अलिबागच्या अंगाला. शिफ्टवाली निम्मी पोरं तिथवर पोचणार नाहीत, म्हणजे क्लब मिटल्यातच जमा. मध्यंतराला आपल्यावर एक गोल होता. डावीकडून सात नंबर मोकळा आला होता. काकांनी त्याला अर्ध्या मैदानावरून पाहिलं होतं आणि शाल चावली होती.

पाण्याची बाटली हातात घेऊन भरत खुर्चीपाशी आला. “काका, राजीनामा द्या.”

काकांना वाटलं, हरण्याचं खापर आता आपल्या डोक्यावर. त्यांचा चेहरा उतरला. “मी काय केलं रे? मी तर तोंड पन उघडलं नाय.”

“तेच तर,” भरत म्हणाला आणि खाली बसला. “खरं सांगतो. तुमास्नी गप करायला अध्यक्ष केला आमी. सगल्यांनी ठरवून. माजीच आयडिया व्हती.”

विनोदिनीबाई एकाएकी नियमावलीत डोकं घालून काहीतरी शोधू लागल्या, त्यावरून त्याही या कटात होत्या हे काकांना कळलं. वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. दोन वर्षं ज्या शालीला ते मान समजत होते, ते तोंडावर बांधलेलं फडकं निघालं.

“पन काका, तुमच्या शिव्यांत पत्ता असायचा,” भरत म्हणाला. “डाव्या अंगाला कोन, मोकला कोन, सगलं. मी चिडायचो, पन बगायचो तिकडंच. आता कोन सांगतच नाय. दोन वर्सं आंधल्यासारखा उभा हाय मी.”

काकांनी शाल काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली. “बाई, ल्हून घ्या.”

पण अध्यक्षाचा राजीनामा सभेनंच मंजूर करायचा, असं बाईंनीच घटनेत घातलेलं. मध्यंतराची सात मिनिटं उरली होती. गोलपोस्टमागे सभा भरली. काहींच्या तोंडात लिंबाच्या फोडी, एकाच्या पायाला बर्फ. बाईंनी ठराव वाचला. सगळे हात वर झाले. काकांची समजूत होती की निदान रीत म्हणून तरी कोणी ‘फेरविचार करा’ म्हणेल. कोणी म्हणालं नाही. रेफ्रीनं शिट्टी दिली.

काका बांधावर चढले. गुडघे दुखत होते. पहिली कूक घातली ती फाटली. दुसरी पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनंही ऐकली असावी, त्यानं हॉर्न दिला. मग तोंडाचा पट्टा सुरू झाला. “भरत! डोले हायत का कवड्या? सात नंबर डावीकडं! आरं डावीकडं, जेवतोस त्यो हात नव्हं, दुसरा!” भरत दुसऱ्या हाताला झेपावला आणि बॉल बाहेर गेला. असं तीनदा झालं. आणि शेवटच्या पाच मिनिटांत कॉर्नरवर आपल्या अश्विनच्या डोक्याला लागून बॉल जाळ्यात गेला. अश्विनला तो दिसला नव्हता, पण हे मागाहून कळलं. बरोबरी झाली. क्लब दुसऱ्याच गटात राहिला.

संध्याकाळी काका घरी आले तेव्हा अंगावर शाल नव्हती. तुळसाकाकूंनी विचारलं, “काय झालं?” काकांनी तोंड उघडलं, आतून नुसती हवा आली. त्यांनी दोन्ही हातांचं एकेक बोट वर केलं आणि हसले.

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग आत जाऊन गॅसवर पाणी ठेवलं आणि त्यात मुठीनं मीठ टाकलं.

“बोललात वाटतं आज,” त्या म्हणाल्या.